अनसाबाईंचं निळं पाकीट

ज्याला एक अक्षरही वाचता येत नाही, तो माणूस दुकानाच्या फळीवरची आपली वस्तू कशी ओळखतो, हा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे?

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. म्हणूनच तुम्हाला विचारते आहे. मला तो कुणी विचारला नव्हता. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निषेधाची. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्यावर बोट ठेवून. त्यामुळे जगात जे काही चुकतं ते खणखणीत शब्दांत लिहायचं, छापायचं आणि गेटवर वाटायचं, की अर्धं काम झालं, अशी माझी पक्की समजूत होती. अनसाबाईंनी ती समजूत मोडली नाही. तिला एक मोठं भोक मात्र पाडलं, आणि ते अजून बुजलेलं नाही.

त्यांची-माझी गाठ पडली चिंचवडच्या एका छापखान्यात. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. मी तेव्हा एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून होते आणि युनियनची पत्रकं लिहीत होते. छापखाना शंकररावांचा. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, अक्षरांचे खिळे ठेवायच्या दोन केशी आणि सगळीकडे रॉकेलचा वास. मी प्रूफ तपासत बाकावर बसले होते. दारात एक बुटकी, पन्नाशीची बाई पदर खोचून उभी होती आणि शंकररावांशी भांडत होती.

"शंकरराव, ह्यो आपला निळा न्हाई."

"अहो अनसाबाई, त्याच डब्यातली शाई आहे. डबा आणून दाखवू?"

"डबा काय मला इकायचाय? कागद बगा."

"बघितला. निळा आहे."

"आभाळ बी निळं हाय आन तुमच्या पोराच्या शाळंची चड्डी बी निळी हाय. एक हाय का?"

मला हसू फुटलं. त्या वळल्या. दोन कागद माझ्या नाकासमोर धरले. "हसती काय? बग. दोन सारखं दिसत्यात तुला?"

"सारखेच आहेत की."

"वाचाय येतं न्हवं तुला?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुजा दोष न्हाई."

मी चिडले. पण त्यांनी मला दंडाला धरून बाहेर उन्हात नेलं आणि दोन्ही कागद उन्हाला धरले. हळूहळू मला दिसलं. नवा निळा एका हातानं दमलेला होता. शंकररावांनी शाईचा एकच हात मारला होता, दुसरा वाचवला होता. शंकरराव डोकं खाजवत म्हणाले, "ही बाई नाही हो, ही कस्टमची कचेरी आहे," आणि पुन्हा मशीनवर चढले.

अनसाबाई हात धुण्याची पूड विकत. आमच्या भागात ही पूड म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. मशीनवर आठ तास काढलेल्या माणसाच्या हातावर तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा जो काळा थर बसतो तो साध्या साबणानं निघत नाही. तसल्या हातानं भाकरी मोडली तर भाकरीला काळी बोटं उमटतात. अनसाबाई साबणाचा चुरा, धुण्याचा सोडा आणि वस्त्रगाळ केलेला लाकडाचा भुसा ठरल्या मापानं मिसळत. भुसा आणत खोकी बनवणाऱ्या वर्कशॉपमधून. देहूरोड बाजाराच्या मागे त्यांची खोली होती. तिथं पाच बायका चाळत, मिसळत, भरत आणि खळ लावून लेबल चिकटवत. लेबल सगळं निळं, मधोमध तोटीचा पांढरा तांब्या आणि त्यातून पडणारे तीन थेंब. खाली नाव, वजन, पत्ता. ते नाव काय होतं, हे मला आता आठवावं लागतं, कारण ते कुणी उच्चारतच नसे. देहूरोडपासून चाकणपर्यंत कामगार दुकानात जाई आणि म्हणे, "एक तांब्या द्या."

या तांब्यापायी त्या बाईनं किती माणसांचा जीव खाल्ला! लेबल पाकिटाच्या वरच्या कडेपासून किती खाली यायचं, यासाठी बांबूची एक काडी होती, तिला दोन खाचा. पाचही जणींजवळ तशीच काडी. बोटांनी मापलेलं चालायचं नाही. "तुजं बोट जाड, तिचं बारीक. मंग पाकीट कुनाच्या बोटाचं?" दुकानाबाहेर टांगायच्या पत्र्याच्या पाट्या, माल न्यायच्या हातगाडीच्या फळ्या, उधारीवर माल नेणाऱ्यांना दिलेल्या पिशव्या, सगळ्यांवर तोच निळा आणि तोच तांब्या. तांब्याची तोटी डावीकडेच. एकदा एका पेंटरनं चाकणच्या पाटीवर हौसेनं तांब्याला नक्षी काढली आणि चौथा थेंब टाकला. बिचाऱ्याला शाबासकी हवी होती. अनसाबाईंनी पाटी उतरवून घेतली. तो म्हणाला, "मावशी, देखणा केलाय ओ!" त्या म्हणाल्या, "नवरीला देखनी कर. ह्येला हाय तसा कर."

नवं छापून आलेलं लेबल पास करायची त्यांची एक रीत होती. शेजारच्या चाळीतल्या कुणातरी अक्षरशत्रू माणसाला बोलवायचं. फळीवर सात-आठ वेगवेगळी पाकिटं मांडायची, दार निम्मं लोटायचं, दहा पावलांवरून विचारायचं, "आपलं कंचं?" त्यानं जरा जरी डोळे बारीक केले, तरी कागद परत. मी एकदा म्हटलं, "मावशी, दार का लोटता? उजेडात बघू द्या ना."

"तुज्या मोरीत लाइट हाय?"

"आहे."

"तू बगितल्यात त्या मोऱ्या तुज्यावानी लोकांच्या. दुसऱ्यांच्या बगितल्या का?"

निळ्यावरून त्यांना बोलणारेही होते. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, पाकीट निळं. अर्थ लावणाऱ्यांना तेवढं पुरे. चाकणच्या एका बड्या दुकानदारानं त्यांना गोड आवाजात सांगितलं, "अनसाबाई, माल तुमचा एक नंबर. पण रंग तेवढा बदला. लोक ओळखतात हो."

"ओळखावं म्हनूनच केलाय," अनसाबाई म्हणाल्या आणि त्याच्या दुकानातली न खपलेली पाकिटं मोजून पिशवीत भरली. बाहेर आल्यावर मी रागारागानं पिशवी उचलली. त्याच्याविरुद्ध काय काय लिहिता येईल याची वाक्यं माझ्या डोक्यात जुळत होती. त्या मात्र चंचीतून तंबाखू काढून मळत बसल्या. "निळा आमचा हाय, त्ये खरंच हाय," त्या म्हणाल्या. "पन पाकिटावर घेतला त्यो आंधारात पांढरा तांब्या उठून दिसावा म्हनून. त्याला दोन्ही कारनं सांगायची माजी तयारी व्हती. त्यानं एकच धरलं."

हे शहाणपण आलं कुठून? शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. माहेर चाकणजवळच्या निघोज्याचं, लग्न होऊन देहूरोडला आल्या. नवरा किसन लष्कराच्या डेपोत हमाल. त्यालाही वाचता येत नव्हतं. तिथल्या दारूगोळ्याच्या पेट्यांवर रंगांचे पट्टे असत. कुठली पेटी जपून उचलायची, कुठलीजवळ विडी काढायची नाही, कुठली कुठलीच्या शेजारी ठेवायची नाही, हे हमालाला पट्टा सांगे. संध्याकाळी तो बायकोला कोळशानं आणि हळदीनं भिंतीवर पट्टे काढून दाखवी. "लिवनारा साहेब बदलतोय," तो म्हणे, "पट्टा बदलत न्हाई. म्हनून म्या रोज घरी येतोय." तो शेवटी गेला तो साध्या तापानं, अंथरुणावर. अनसाबाई हे सांगताना अभिमानानं सांगत. इतकी वर्षं तसल्या पेट्या उचलून माणूस तापानं मेला, म्हणजे पट्ट्यांनी आपलं काम केलं.

आता माझ्या भांडणाचं सांगते. आमच्या कारखान्यात संप झाला. चौथा आठवडा लागला, लोक कच खाऊ लागले. माझ्या डोक्यात कल्पना आली: घराघरांत जाणारी एकच गोष्ट आहे, तांब्याचं पाकीट. त्यावर तीन थेंबांच्या खाली एक ओळ छापायची, 'संपाला पाठिंबा द्या.' मी शंकररावांशी बोलून ठेवलं आणि मोठ्या ऐटीत देहूरोडला गेले.

"न्हाई," अनसाबाई म्हणाल्या. भुसा चाळणं थांबलंसुद्धा नाही.

"मावशी, हे तुमच्याच माणसांसाठी आहे!"

"व्हय. पन पाकिटावर न्हाई."

"घाबरता तुम्ही. दुकानदार माल घेणार नाहीत म्हणून घाबरता."

पाचही बायकांचे हात थांबले. अनसाबाईंनी चाळणी खाली ठेवली. "पोरी, तुजी वळ चांगली हाय. उद्या दुसरा यील, त्याची बी चांगली आसंल. परवा तिसऱ्याची. मंग म्हातारीनं तांब्या हुडकायचा कुठं? आन तुजा संप मिटला की ती वळ काडायची का ठिवायची?"

मी त्यांना तोंडावर 'अडाणी' म्हटलं. होय, कष्टकऱ्यांच्या बाजूनं लिहिणाऱ्या मी. आणि बसनं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पाहते, तर अनसाबाई पाचही बायकांना घेऊन सतरंजीवर बसलेल्या. संप मिटेपर्यंत रोज आल्या. कुणीतरी त्यांना विचारलं, तुमचं इथं काय काम? त्या म्हणाल्या, "माजं पाकीट संपावर न्हाई. म्या हाय."

त्या दिवसानंतर मी त्यांना मानू लागले. पण सगळंच मानलं असं नाही, आणि ते लिहिलं नाही तर हे चित्र खोटं होईल. त्या खोलीत पाच बायका राबत, पण मत एकाच बाईचं चाले. सुमन नावाची एक हुशार बाई त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. तिची नजर अनसाबाईंइतकीच तीक्ष्ण झाली होती. तरी तिला लेबल पास करायचा अधिकार नव्हता. लेबल वाकडं लागलं म्हणून अनसाबाईंनी तिला एकदा सबंध दुपार पाकिटं सोलायला लावली. ती रडत होती आणि सोलत होती. मी म्हटलं, "मावशी, ही मालकशाही झाली." त्या म्हणाल्या, "व्हय, झाली." संपला विषय. या हट्टाची किंमत पुढं किती मोठी पडणार आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती किंमत पडली माझ्यामुळे.

अनसाबाईंना कावीळ झाली. तीन आठवडे दवाखान्यात. लेबलं संपत आली होती. त्यांनी मला निरोप धाडला: छापखान्यात जा, नीट बघून लेबलं घे. सुमनला नाही, मला. मी शिकलेली ना!

मी गेले. शंकरराव म्हणाले, "पुण्याहून निळी शाई आलेली नाही. होती त्यात थोडी हिरवी मिसळली आहे. जरा मोरपंखी झालंय. चालेल ना?"

मी लेबल हातात घेतलं आणि वाचलं. नाव वाचलं, वजन वाचलं, पत्ता वाचला. पत्त्यात एक काना उडाला होता. मी तो बसवून घेतला, पुन्हा प्रूफ काढायला लावलं, पुन्हा वाचलं. तासभर उभी राहिले. मग मोठ्या समाधानानं म्हटलं, "आता एकही चूक नाही."

खोलीवर सुमननं गठ्ठा सोडला. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ताई, मावशी आसत्या तर..."

"सुमन, सगळं नीट लिहिलंय ना?"

तिनं मान खाली घातली. तिला वाचता येत नव्हतं. ती काय बोलणार? पाकिटं भरली, दुकानांत गेली. गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार सांगत, "रंग बदललाय. आता तांब्या हिरव्यात येतो."

आमच्या भागात मोरी तुंबली की ओतायचा कास्टिक सोडा काही दुकानदार तेव्हा हिरव्या कागदात बांधून देत. घरोघरी मोरीच्या फळीवर ती पुडी असे. वाचता न येणाऱ्या आयाबायांनी, म्हाताऱ्यांनी स्वतःसाठी एक कायदा केलेला होता: निळ्यानं हात धुवायचे, हिरव्याला हात लावायचा नाही. हा कायदा कुठं छापलेला नव्हता. म्हणून मला माहीत नव्हता.

निघोज्याला धोंडीबा नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते, अनसाबाईंच्या माहेरच्या घराशेजारी राहणारे. त्यांनी आठवडाभर हिरव्या तांब्यानं हात धुतले. बरं चाललं होतं. मग एका संध्याकाळी शेतावरच्या इंजिनाचं काम करून आले, मोरीतल्या अंधारात हिरवी पुडी घेतली आणि ओल्या तळव्यावर ओतली. ती दुसरी हिरवी पुडी होती.

बातमी अनसाबाईंना दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळली. मी तिथंच होते. त्या एवढंच म्हणाल्या, "पाकीट आना." सुमननं आणून दिलं. त्यांनी ते दारातल्या उन्हात धरलं. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी किती वेळ पाहत होत्या कोण जाणे.

"कोनी पास केला?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी पायात चप्पल घातली. डॉक्टरांनी महिनाभर उठू नका म्हणून सांगितलं होतं. तरी आम्ही बसनं चाकण रस्त्याला लागलो आणि पुढं निघोज्यापर्यंत त्या माझ्या खांद्यावर हात टाकून चालत गेल्या.

धोंडीबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, हात मांडीवर उताणे ठेवलेले. अनसाबाईंना पाहून ते ओशाळले.

"अनसे, तू कशापायी आलीस आजारातनं? काय झालं न्हाई मला."

"कसं झालं, आबा?"

"म्हातारपन, दुसरं काय. वाचाय येतंय कुठं आपल्याला. चूक माजीच हाय."

आतून त्यांचा मुलगा आला. रागावलेला. "कितीदा सांगितलं आबाला, इचारून घ्या म्हनून. पाकिटावर लिवलेलं आसतंय की सगळं!"

जवळजवळ हेच वाक्य सुमनला मी म्हटलं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, ते मी इथं लिहिणार नाही.

"लिवलेलं आबासाटी न्हाई, बाबा," अनसाबाई म्हणाल्या. "आबासाटी रंग हाय." मग त्या धोंडीबांच्या पायाशी बसल्या. "आबा, इतकी वर्सं तुमी नुसतं बगून घेतलं. कवा चुकला?"

"न्हाई."

"मंग ह्ये बी तुमचं चुकलं न्हाई. माजं पाकीट तुमच्याशी खोटं बोललं."

मी पुढं झाले. "आबा, चूक माझी आहे. मी..."

"तू गप," अनसाबाई वळल्यासुद्धा नाहीत. "तांब्या कुनाचा हाय?"

त्या रात्री मी एक पत्रक लिहिलं. धोका समजावून सांगणारं, हिरवी पाकिटं परत करा असं आवाहन करणारं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं. सकाळी अनसाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कागद हातात घेतला, नीट चार घड्या घातल्या.

"लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये वाचनार कोन?"

मग दवंडी पिटली. निघोज्यात, आसपासच्या गावांत, चाकणच्या आठवडे बाजारात, देहूरोडच्या चाळींमधून. 'हिरव्या तांब्याला हात लावू नका हो! हिरवा परत द्या, निळा घेऊन जा हो!' जुनी निळी लेबलं थोडी शिल्लक होती, ती चिकटवून पाकिटं केली. पाच बायका, मी आणि अनसाबाई अशा सात जणी घरोघर फिरलो. मोरीत वाकून पाहिलं. तेव्हा कुठं मला दुसऱ्यांच्या मोऱ्या दिसल्या: खिडकी नाही, दिवा नाही, एक फळी, आणि तिच्यावर डोळे किलकिले करून ओळखायच्या चार पुड्या.

तिसऱ्या दिवशी सुमन कळवळून म्हणाली, "मावशी, तीन दुकानदारांनी माल नगं म्हनून सांगितलंय. काम बंद पडलं तर आमी पाच जनी जायाचं कुठं?"

"बंद पडलं तर पडलं. हात भाजून घ्यायला कुनी पाकीट घेत न्हाई, सुमे." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून: "तुला त्यो कागद बगूनच कळलं व्हतं न्हवं?"

सुमन म्हणाली, "व्हय."

"आन तू बोलली न्हाईस."

"बोलायचं आसतं, ह्ये कवा सांगितलंत?"

अनसाबाईंनी तिच्या हातातली पाकिटांची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि पुढच्या घराकडे वळल्या.

काम बंद पडलं नाही, पण पूर्वीसारखं कधी झालंही नाही. धोंडीबांची उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. अनसाबाई दर पंधरा दिवसांनी निघोज्याला जात आणि त्यांच्या ओसरीवर तासभर बसत.  

त्यांना मी शेवटचं पाहिलं तेही शंकररावांच्या छापखान्यातच. चार-पाच वर्षं गेली होती. नवी लेबलं न्यायला त्या सुमनसोबत आल्या होत्या. उन्हात उभं राहून कागद धरला. बराच वेळ धरला.

"शंकरराव, हिरवट हाय."

शंकररावांचा चेहरा उतरला. सुमननं कागद पाहिला, मी पाहिला. निळा होता. चोख निळा. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणाची बोलायची छाती होईना. मग सुमन बोलली. "मावशी, निळा हाय. शंभर टक्के निळा हाय."

अनसाबाईंनी पिशवीतून जुनं लेबल काढलं आणि नव्याशेजारी धरलं. एकदा हे पाहिलं, एकदा ते. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"दोनी हिरवंच दिसत्यात मला," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. 

"म्हंजी कागद बराबर हाय. डोळा गेलाय माजा."

शंकरराव घाईघाईनं म्हणाले, "मोतीबिंदू असेल हो! पुण्यात ऑपरेशन होतं. महिन्याभरात ठणठणीत."

"करू की. पन तवर पाकीट थांबायचं न्हाई." त्यांनी दोन्ही कागद सुमनच्या हातात दिले. "आजपासनं तू. आन एकटीनं न्हाई. पाचीजनींनी बगायचं. एकीला जरी खटकलं तरी कागद परत. मोतीबिंदू कुनाला हुईल सांगता यायचं न्हाई."

छापखान्यातला पोऱ्या देहूरोडला धाडून उरलेल्या चौघींना बोलावून घेतलं. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या, कागद हातोहात फिरू लागला. अनसाबाई छापखान्याच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मागं कुजबुज चालली होती: "तोटी बग," "कडेला फिकं न्हाई ना?" आयुष्यभर ज्या कागदावर दुसऱ्या कुणाची नजर टिकू दिली नाही, तो त्यांच्या पाठीमागं दोन हातांवर होता. त्यांची मान ताठ होती. मांडीवरच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च आवळलं होतं. पण त्या वळल्या नाहीत. एकदाही वळल्या नाहीत. आतून सुमनचा आवाज आला, "चालंल!" तेव्हा त्यांनी मूठ सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. ऑपरेशन राहूनच गेलं.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचून बाजूला ठेवू नका; उठा. तुमच्या घरात, शेजारी, कामावर ज्याला किंवा जिला वाचता येत नाही, अशा एका माणसाला सन्मानानं बोलवा. मोरीवरच्या, चुलीजवळच्या, औषधांच्या फळीसमोर दोघं मिळून उभे राहा. दिवा लावू नका. प्रत्येक पुडी आणि बाटली दाखवून विचारा, "हे काय आहे?" जिथं उत्तर चुकेल तिथं त्या माणसाला हसू नका, समजावू नका. ती पुडी किंवा बाटली आजच तिथून हलवा.